स्वतःचा अर्ज स्वतः : रोगांवर संशोधन करणाऱ्या लेकरांची परदेशवाट

"मॅडम, पोरगी म्हणते, 'आई, मी अमेरिकेच्या सरकारकडे माझा अर्ज मीच करणार, कंपनीची गरज नाही.' असं असतं का कुठं? कोणी फसवत तर नाही ना तिला?"

वस्तीतल्या अभ्यासिकेत रक्तदाब तपासणीचं शिबिर होतं. तपासणी संपली, बायका उठू लागल्या, तरी एक आई मागे थांबली आणि तिनं हा प्रश्न विचारला. तिची मुलगी तिकडे एका विद्यापीठात क्षयरोगाच्या जंतूवर संशोधन करते. मामा टीबीनं गेला तेव्हा ही पोर आठवीत होती. आई चार घरी स्वयंपाक करते. इकडे शहरातल्या एका एजंटानं घरी येऊन सांगितलं होतं, "आठ लाख द्या, तुमच्या मुलीचं ग्रीन कार्ड हमखास." आईनं पदराखालून त्या एजंटाचं चकचकीत कार्ड काढून दाखवलं.

उत्तर दोन भागांत द्यावं लागलं. मुलगी म्हणते ती वाट खरी आहे, कायद्यातच आहे. एजंट म्हणतो ते 'हमखास' मात्र कुठल्याच कायद्यात नाही.

आज आपल्या वस्त्यांतली मुलंमुली सूक्ष्मजीवशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य असे विषय घेऊन एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत पोहोचली आहेत. काहीजण परदेशात आहेत, काहीजण तयारीत आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही ही वाट नीट कळावी, म्हणून या वेळचा लेख त्यावर.

परका माणूस आणि आपल्या वस्तीतली लस

रोग सीमा ओळखत नाही. रोगावर काम करणाऱ्या माणसाला मात्र प्रत्येक सीमेवर कागद दाखवावा लागतो. ही गोष्ट आजची नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात झाला. ज्यू असल्यामुळे रशियात प्राध्यापकीची दारं त्यांना बंद होती. ते स्वित्झर्लंडला गेले, तिथून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या बस्तीत कॉलरा पसरला. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले, ते लस न घेतलेल्यांपैकी होते. लसीचा उपयोग काय, हे एका बस्तीनं दाखवून दिलं.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. हाफकिन यांना बोलावणं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली ती जेमतेम, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस पुन्हा आधी स्वतःला टोचली. त्याच साथीत प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. परळची हाफकिन संस्था १९२५ पासून याच माणसाच्या नावानं ओळखली जाते. त्यांना आपल्या देशात थारा नव्हता. इथे त्यांनी लाखो जीव वाचवायची सोय केली.

दुसरी गोष्ट भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची. १९२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुब्बाराव बोस्टनला उतरले. पोटासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीचं हलकं काम केलं. पुढे लेडर्ली कंपनीत त्यांच्या देखरेखीखाली डायइथाइलकार्बामाझिन हे औषध तयार झालं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडच्या वाचकांना हे औषध 'हत्तीरोगाच्या डी.ई.सी. गोळ्या' म्हणून माहीत आहे. आशाताई घरी येऊन समोर खायला लावतात, त्याच गोळ्या. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं, पण वर्षाला फक्त १०० जणांना प्रवेश. १९४८ मध्ये सुब्बाराव वारले ते अमेरिकेचे नागरिक न होताच.

म्हणजे ज्या देशानं त्यांच्या कामाचा फायदा घेतला, त्या देशाकडे अशा माणसाला ठेवून घेण्याचा साधा मार्ग तेव्हा नव्हता. आज मार्ग आहे. तो सोपा मात्र नाही.

'राष्ट्रहित सवलत' म्हणजे काय?

अमेरिकेत नोकरीच्या आधारावर कायम राहायचं तर सहसा मालकानं अर्ज करावा लागतो. त्याआधी मालकाला तिकडच्या कामगार खात्यापुढे दाखवावं लागतं की या जागेसाठी लायक अमेरिकन माणूस मिळाला नाही. यात संशोधक मालकाच्या मर्जीवर राहतो. नोकरी गेली की अर्जही गेला, अशी धास्ती असते.

१९९० च्या कायद्यानं यातून एक सवलत दिली. तिला 'नॅशनल इंटरेस्ट वेव्हर' म्हणतात, मुलं नुसतं 'एन.आय.डब्ल्यू.' म्हणतात. उच्च पदवी असलेल्या किंवा असामान्य क्षमता असलेल्या व्यक्तीचं काम देशाच्या हिताचं असेल, तर मालकाची आणि कामगार खात्याच्या दाखल्याची अट माफ होऊ शकते. मग ती व्यक्ती स्वतःच स्वतःसाठी अर्ज करते. त्या अर्जाचं नाव आय-१४०. आईला जे अशक्य वाटत होतं, ते हेच.

अर्ज कसा तपासायचा, हे डिसेंबर २०१६ मध्ये 'धनसर' नावाच्या प्रकरणात ठरलं. अर्जदार विमान-अवकाश अभियांत्रिकीतला संशोधक होता, पण कसोटी सगळ्यांनाच लागू झाली. तपासणारा अधिकारी तीन प्रश्न विचारतो.

पहिला : तुम्ही जे काम करणार आहात ते मोलाचं आहे का, आणि त्याचं महत्त्व राष्ट्रीय पातळीवर आहे का? इथे बरेचजण चुकतात. "क्षयरोग गंभीर आहे" एवढं लिहून भागत नाही. रोग मोठा असणं वेगळं आणि तुमच्या कामाचा परिणाम तुमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींपलीकडे जाणं वेगळं. औषधाला न जुमानणारा जंतू लवकर ओळखायची चाचणी, लसीचा नवा घटक, पाण्यातून पसरणाऱ्या रोगाची पाहणी, असं नेमकं काम सांगावं लागतं.

दुसरा : ते काम पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात का? इथे शिक्षण, छापलेले शोधनिबंध, इतर संशोधकांनी त्या निबंधांचा घेतलेला आधार, मिळालेला निधी आणि पुढचा आराखडा पाहतात. जाणकारांची पत्रंही लागतात. ज्यांनी तुमच्यासोबत काम केलेलं नाही, पण तुमचं काम वापरलं आहे, अशांच्या पत्राला वजन असतं.

तिसरा : सगळं तोलून पाहता, मालकाची अट माफ करणं अमेरिकेच्या फायद्याचं आहे का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदोपत्री द्यावी लागतात. आणि शेवटी निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो. म्हणूनच 'हमखास' हा शब्द खोटा.

मंजुरी मिळाली, पण रांग संपली नाही

ही गोष्ट घरच्यांनी नीट समजून घ्यावी. आय-१४० मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड हातात आलं असं नाही.

अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड देते. त्यात संशोधकांबरोबर त्यांची पत्नी, पती आणि मुलंही मोजली जातात. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना यातला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतातून अर्ज करणारे खूप, म्हणून आपली रांग लांब. २०२५ साली या दुसऱ्या श्रेणीत भारतात जन्मलेल्यांपैकी २०१२-१३ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा नंबर लागत होता. म्हणजे बारा वर्षांची वाट. राष्ट्रहित सवलत मालकाची अट काढते, रांग काढत नाही.

या रांगेत मुलांचं वय वाढतं. आईबापाचा नंबर यायच्या आत मूल २१ वर्षांचं झालं, तर ते त्यांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. 'लेक तिकडे सुखात आहे' असं आपण इकडे म्हणतो, पण तिच्या डोक्यावर ही चिंता असू शकते.

मग मंजुरीचा उपयोग काय? रांगेतली तारीख पक्की होते. एच-१बी व्हिसावर असलेल्याला नेहमीची सहा वर्षांची मर्यादा ओलांडून राहता येतं. आणि अर्ज स्वतःचा असल्यामुळे, त्याच क्षेत्रातलं काम चालू ठेवून नोकरी बदलली तरी अर्ज मालकासोबत जात नाही.

आणखी वाटा

अमेरिकेतच पहिली श्रेणी आहे, 'असामान्य कर्तृत्व' असलेल्यांसाठी. इथेही स्वतः अर्ज करता येतो. ठरवून दिलेल्या १० निकषांपैकी किमान ३ पुरे करावे लागतात : पुरस्कार, मूळ स्वरूपाचं योगदान, इतरांच्या निबंधांचं परीक्षण वगैरे. कसोटी कडक, पण २०२५ मध्ये भारतीयांची ही रांग सुमारे साडेतीन वर्षांची होती. म्हणून अनेक संशोधक आधी राष्ट्रहित सवलतीचा अर्ज करतात आणि काम वाढल्यावर या श्रेणीत करतात.

तात्पुरत्या कामासाठी एच-१बी असतो. कंपन्यांसाठी त्याची वार्षिक संख्या ठरलेली आहे आणि सोडत निघते. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांना ती मर्यादा नाही. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची रक्कम लावण्याचा आदेश निघाला. नियम असे एका रात्रीत बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ पाहणं आवश्यक.

ब्रिटननं फेब्रुवारी २०२० मध्ये 'ग्लोबल टॅलंट' व्हिसा सुरू केला. रॉयल सोसायटीसारख्या विद्वत्संस्थांकडून किंवा मान्यताप्राप्त संशोधन निधीच्या आधारे शिफारस मिळाली, की एका मालकाशी बांधून न घेता काम करता येतं. संशोधकांना तीन वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार आधीच भरावा लागतो. २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम. ही रक्कम हिशेबात धरावी.

डॉक्टरांसाठी अमेरिकेत वेगळी सोय आहे. प्रशिक्षणासाठी गेलेल्या परदेशी डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. पण डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं सेवा दिली तर ती माफ होऊ शकते. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा आहेत. तिकडच्या गरीब वस्तीला डॉक्टर मिळतो तो बहुधा आपल्यासारख्याच देशातून गेलेला.

परतीचा करार आधी वाचा

शिष्यवृत्तीबरोबर करार येतो, हे आपल्या समाजाला नवीन नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परत येऊन संस्थानची सेवा करण्याच्या करारावर. १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे.

आजही तपासून पाहावं. फुलब्राइट-नेहरूसारख्या, सरकारी पैशावरच्या विद्यावृत्तीतून जे-१ व्हिसावर गेलेल्याला दोन वर्षं भारतात राहण्याची अट लागते. ती पूर्ण किंवा माफ झाल्याशिवाय ग्रीन कार्ड मिळत नाही. पूर्वी विषयांच्या एका यादीमुळे अनेक भारतीय संशोधकांना ही अट लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचं नाव निघालं. सरकारी निधीची आणि डॉक्टरी प्रशिक्षणाची अट मात्र कायम आहे.

शिकायला जाण्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींची जाहिरात आली की अटींचं पान शेवटपर्यंत वाचावं आणि हमीपत्रावर सही करण्याआधी त्याची प्रत घरी ठेवावी.

टीबी झाला होता, तर व्हिसा मिळणार नाही का?

हा प्रश्न वस्तीत हमखास येतो, आणि भीतीपोटी लोक आजार लपवतात. तसं करू नका.

अमेरिकेत कायम राहायला जाणाऱ्या १५ वर्षांवरील प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात. भारतासारख्या देशांतल्या २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्या भारतीयालाही टीबीचा दाखला लागतो. ही तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. एक्स-रेमध्ये काही दिसलं तर थुंकीची तपासणी होते आणि तिचा कल्चर अहवाल यायला आठ आठवडे लागू शकतात. टीबी सापडला तर जाणं पुढे ढकललं जातं, कायमचं बंद होत नाही. औषधोपचार पूर्ण केला की वाट मोकळी होते. पूर्वी टीबी होऊन बरा झालेल्यानं उपचाराचे जुने कागद, एक्स-रे आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला सोबत न्यावा. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि रुग्णाला पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात.

एच.आय.व्ही. असल्यामुळे अमेरिका पूर्वी प्रवेश नाकारायची. जानेवारी २०१० पासून ती बंदी उठली आहे. लसीकरणाचीही नोंद मागतात : गोवर, कांजण्या, हिपॅटायटिस बी वगैरे. म्हणून मुलांचं लसीकरणाचं कार्ड शाळेच्या दाखल्याइतकंच जपून ठेवा.

एजंटापासून सावध

'हमखास मंजुरी' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. सरकारी अर्जाचे नमुने फुकट मिळतात आणि शुल्क थेट सरकारला भरतात. सल्ला हवा असेल तर तिकडे वकिलीचा परवाना असलेल्याकडून घ्यावा, आणि तो परवाना तपासून घ्यावा. इकडचा सल्लागार म्हणजे वकील नव्हे.

त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. पैसे देऊन दुसऱ्याच्या शोधनिबंधात नाव घालणं, विकत घेतलेले पुरस्कार, खोटी शिफारसपत्रं, असा बाजार चालतो. खोटी माहिती उघडी पडली तर अमेरिकेत प्रवेशाची कायमची बंदी येऊ शकते. आठ लाख तर जातातच, मुलीची वीस वर्षांची मेहनतही जाते.

ती परत येईल का?

सगळं ऐकून झाल्यावर त्या आईनं खरा प्रश्न विचारला. "मग ती तिकडचीच होणार का?"

याचं उत्तर कायद्यात नाही. परत आलेल्यांची कामं मात्र आपल्या स्वयंपाकघरात आहेत. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी ऑक्सफर्डला शिकून परतले आणि १९५० च्या दशकात त्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंडावर काम सुरू केलं. आपण खातो ते आयोडीनयुक्त मीठ देशभर पोहोचलं त्यामागे ते संशोधन आहे. डॉ. दिलीप महालनोबिस लंडनच्या इस्पितळात काम करून कलकत्त्याला परतले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. आज परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी विद्यावृत्ती आहे.

आणि जे परतत नाहीत त्यांचंही काम परतू शकतं. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचा उपचार पूर्वी २० महिन्यांपर्यंत चालायचा. २०२४ मध्ये भारतानं चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. त्याच्या चाचण्या दक्षिण आफ्रिका, उझबेकिस्तान, बेलारूसमध्ये झाल्या होत्या. त्या गोळ्या आता आपल्या दवाखान्यात येतात.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी असत्या तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. एजंटाचं कार्ड तिनं टेबलावरच ठेवलं आणि मला विचारलं, "तिचं लहानपणीचं टोचणीचं कार्ड पेटीत आहे. फोटो काढून पाठवू का तिला?"

पाठवा ताई. आजच पाठवा.